अंड्याचे वावडे आणि गोवराची लस

गेल्या मंगळवारी आमच्या गावचा बाजार होता. बाजाराच्या दिवशी दवाखान्यात गर्दी असते. खेड्यापाड्यांतून आलेली माणसे भाजीच्या पिशव्या कोपऱ्यात ठेवून नंबर लावतात. त्या गर्दीत एक सासू आणि सून साडेनऊ महिन्यांच्या मुलाला घेऊन आल्या होत्या. तक्रार साध्या सर्दीची होती. मुलगा गुटगुटीत, अंगाने चांगला भरलेला. मी सवयीप्रमाणे लसीकरणाचे कार्ड मागितले. जन्मापासून साडेतीन महिन्यांपर्यंतचे सगळे रकाने व्यवस्थित भरलेले होते. नवव्या महिन्याचा रकाना मात्र कोरा.

"गोवराची लस राहून गेली का?" मी विचारले.

सून खाली बघू लागली. सासूबाई म्हणाल्या, "राहून नाही गेली डॉक्टर, आम्हीच दिली नाही. पोराला अंड्याचं वावडं आहे. आणि त्या लसीत अंडं असतं म्हणतात."

खोलात जाऊन विचारले तेव्हा कळले की तीन आठवड्यांपूर्वी मुलाला पहिल्यांदाच उकडलेले अंडे कुस्करून भरवले होते. दहा-पंधरा मिनिटांत ओठ सुजले, मानेवर आणि पोटावर गांधी उठल्या, एक उलटी झाली. जवळच्या डॉक्टरांनी औषध दिल्यावर तासाभरात सगळे शांत झाले. पुढे कुणाच्या तरी मोबाइलवर निरोप आला की गोवराची लस अंड्यात बनवतात. आशाताई दोनदा घरी येऊन गेल्या, पण आईचे मन धजले नाही. "काही झालं तर मी घरच्यांना काय तोंड दाखवू?" असे ती म्हणाली.

मला तिचा राग आला नाही. जी चूक ती भीतीपोटी करत होती तीच चूक मी एकदा डॉक्टर असून केली आहे. आज या सदरात ती सांगणार आहे.

मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला गोवराची लस देताना फार जपावे, आधी त्वचेवर चाचणी घ्यावी, असेच शिकवले जात असे. पुस्तकांतही तसेच छापलेले होते. त्या वेळच्या माहितीप्रमाणे ते चूक नव्हते. दवाखाना काढून मला दोन-तीन वर्षे झाली होती. साल १९९६ असावे. एक आई नऊ महिन्यांच्या मुलीला घेऊन आली आणि बोलता बोलता म्हणाली, "हिला अंड्यानं अंगावर फोड येतात." उन्हाळ्याचे दिवस होते, बाहेर तीस माणसे बसली होती. मी पुढे एकही प्रश्न विचारला नाही. चिठ्ठीवर लिहिले : गोवराची लस तूर्त देऊ नये.

त्या 'तूर्त'ला मी मुदत घातली नाही आणि त्या मुलीला पुन्हा बोलावलेही नाही. पुढच्या होळीच्या सुमारास त्या वस्तीत गोवराची साथ आली. घरच्यांनी रीतीप्रमाणे तिला अंधाऱ्या खोलीत ठेवले, उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवला आणि गोवर 'पुरता बाहेर पडण्याची' वाट पाहिली. माझ्याकडे आणली तेव्हा न्यूमोनिया झालेला होता आणि डाव्या डोळ्याच्या बुबुळावर जखम होती. जिल्ह्याच्या ठिकाणी अकरा दिवस ठेवावे लागले. मुलगी वाचली. डोळ्यात फूल पडले ते कायमचे.

नंतर एकदा निवांतपणे तिच्या आईशी बोललो तेव्हा समजले की ते फोड म्हणजे घामोळे होते. अंडे खाल्ल्यावर लगेच काही होत नसे. लसीच्या आधी आणि नंतरही ती मुलगी भावाच्या ताटातले आम्लेट खात होती! ती लस घेतली असती तर गोवर झालाच नसता, असे शंभर टक्के सांगता येत नाही. नवव्या महिन्यात दिलेला एक डोस साधारण ८५ टक्के मुलांना संरक्षण देतो. पण तो ८५ टक्क्यांचा आधार मी दोन मिनिटे वाचवण्यासाठी काढून घेतला होता. पुढे काही वर्षांनी मी तिच्या आईला हे स्पष्ट सांगितले. ती म्हणाली, "जाऊ द्या डॉक्टर, तुम्हाला तरी काय माहीत." पण मला माहीत असायला हवे होते. १९९५ सालीच अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास छापून आला होता. अंड्याची ॲलर्जी असलेल्या ५४ मुलांना गोवराची लस पूर्ण मात्रेत दिली होती, त्यांतल्या काहींना तर अंड्याने जिवावरची रिॲक्शन येऊन गेलेली होती, आणि एकालाही लसीने गंभीर त्रास झाला नाही. त्यानंतर जगभरचे नियम बदलले. आमच्या गावापर्यंत ते यायला मात्र वेळ लागला, आणि आजही ते सगळ्या घरांपर्यंत पोचलेले नाहीत असे दिसते.

वावडे कशाला म्हणावे?

वावडे हा शब्द आपण फार सैल वापरतो. वांग्याने खाज सुटते, दुधाने पोट बिघडते, दह्याने घसा धरतो, या सगळ्याला आपण वावडेच म्हणतो. वैद्यकशास्त्रातली ॲलर्जी त्यापेक्षा नेमकी गोष्ट आहे. आपल्या शरीराची संरक्षण यंत्रणा एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला चुकून शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध विशिष्ट प्रकारची प्रतिद्रव्ये तयार करून ठेवते. तेच प्रथिन पुन्हा पोटात गेले की काही पेशींमधून हिस्टामिनसारखी रसायने एकदम बाहेर पडतात. मग अंगावर पित्त उठते, ओठ-पापण्या सुजतात, उलटी होते, खोकला किंवा धाप लागते. हे सारे बहुधा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत होते. वेळेचा हा हिशोब लक्षात ठेवावा. अंडे सोमवारी खाल्ले आणि पुरळ गुरुवारी आले, तर बिचाऱ्या अंड्यावर आळ घेऊ नये.

दूध पचत नाही म्हणून जुलाब होणे ही ॲलर्जी नव्हे. तिथे दुधातली साखर पचवणारा रस कमी पडतो, एवढेच. अशा मुलाच्या बाबतीत लसीची चर्चा करण्याचे कारणच नाही. तसेच शेंगदाणा, मासे, कोळंबी, तीळ, गहू यांची ॲलर्जी असली तरी नेहमीच्या बाळलसींशी त्यांचा काही संबंध येत नाही. प्रश्न येतो तो मुख्यतः अंड्याचा, थोडासा दुधाचा आणि क्वचित जिलेटिनचा.

अंड्याची खरी ॲलर्जी लहान मुलांत दिसते आणि त्यातली बरीच मुले मोठी होता होता तिच्यातून बाहेर पडतात. अंडे पहिल्यांदा भरवण्याचे वय आणि गोवराच्या लसीचे वय नेमके एकाच सुमारास येते, म्हणून आईच्या मनात या दोन गोष्टींची गाठ पडते. गोवराची लस नवव्या महिन्यात देण्याचे कारण वेगळे आहे. आईकडून मिळालेली प्रतिद्रव्ये तोपर्यंत ओसरत आलेली असतात. त्याआधी लस दिली तर ती प्रतिद्रव्येच लसीला नीट लागू देत नाहीत, आणि उशीर केला तर बाळ उघडे पडते.

लसीत अंडे येते कुठून?

विषाणू हा जिवंत पेशीशिवाय वाढत नाही. त्यामुळे विषाणूची लस करायची तर त्याला कुठल्या तरी पेशींवर वाढवावे लागते. आपण भाताचे रोप एका वाफ्यात तयार करतो आणि उपटून दुसऱ्या खाचरात लावतो, तसाच हा प्रकार. रोप उपटताना मुळाला वाफ्यातली माती चिकटून येते. ती कितीही धुतली तरी कणभर राहते. लसीत अंड्याचा अंश राहतो तो या मातीसारखा.

आता वाफे निरनिराळे आहेत. इन्फ्लुएंझाची म्हणजे फ्ल्यूची लस बहुतेक ठिकाणी खरोखरच कोंबडीच्या फलित अंड्यात वाढवतात. गोवराच्या लसीचे तसे नाही. काही कंपन्या गोवराचा विषाणू कोंबडीच्या गर्भापासून काढलेल्या पेशींच्या थरावर वाढवतात. म्हणजे तिथे अख्खे अंडे नसते. पांढरा आणि पिवळा बलक तर नसतोच. त्यात अंड्याचा अंश सापडला तर तो नगण्य असतो. आणि आपल्या पुण्यात तयार होऊन देशभर व परदेशांतही जाणारी जी गोवर-रुबेला लस आहे, तिच्यातले दोन्ही विषाणू प्रयोगशाळेत जतन केलेल्या मानवी पेशींवर वाढवतात. तिचा कोंबडीशी किंवा अंड्याशी संबंधच येत नाही. मोबाइलवरचा निरोप तिथेच खोटा ठरतो.

मी हे समजावून सांगत असताना सासूबाईंनी विचारले, "मग आधीच्या सुया? त्यांच्यात होतं का अंडं?" प्रश्न रास्त होता. जन्मल्यावर दिलेली बीसीजी, पोलिओचे थेंब, कावीळ ब ची लस, नंतर दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना दिलेली पेंटाव्हॅलेंट, रोटाचे थेंब, न्यूमोनियाची लस, पोलिओचे इंजेक्शन यांपैकी एकाही लसीत अंडे नाही. २०२१ साली कोविडच्या लसीच्या वेळीही हाच प्रश्न मला रोज कुणीतरी विचारत असे. कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन या आपल्याकडच्या दोन मुख्य लसींतही अंडे नव्हते.

फ्ल्यूच्या लसीत मात्र अंड्याचा अंश असतो, हे खरे. २००९ साली पुण्यात स्वाइन फ्ल्यूची साथ आल्यापासून ही लस आपल्या भागातही लोकांना माहीत झाली आणि आता बालरोगतज्ज्ञ ती सहा महिन्यांपुढच्या मुलांना दरवर्षी सुचवतात. तिच्या एका डोसात अंड्याचे प्रथिन साधारणपणे एका मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असते. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. वाचकांनी स्वतःच हिशोब करावा. हजारो अंडी-ॲलर्जी असलेल्या मुलांना ही लस देऊन पाहिल्यावर ती सुरक्षित आढळली. पूर्वी अशा मुलांसाठी खास अटी होत्या. अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने २०२३ साली त्याही काढून टाकल्या. कुठल्याही लसीच्या वेळी घ्यायची ती नेहमीची काळजी तेवढी पुरे, असे सांगितले.

आणखी एक लस सांगायलाच हवी, कारण खेड्यात तिची गरज सर्वांत जास्त पडते. कुत्रा चावल्यानंतरची रेबीजची लस. पूर्वी मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस असे आणि पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. ती आपल्या देशात २००४ नंतर बंद झाली. आताच्या लसींपैकी काही कोंबडीच्या गर्भपेशींवर तयार होतात, काही माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या पेशींवर. अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलासाठी दुसऱ्या प्रकारची मागून घेता येते. पण ती त्या घटकेला मिळाली नाही, तर जी असेल ती घ्यायची. रेबीज झाला की माणूस हाती लागत नाही. तिथे वावड्याचा विचार करत दोन दिवस घालवणे परवडणारे नाही. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि तडक दवाखाना गाठावा.

खरी काळजी कुठे घ्यायची?

सगळेच निर्धास्त आहे असे सांगून मी तुमची दिशाभूल करणार नाही. काही ठिकाणी खरोखर थांबून विचार करावा लागतो.

पहिली यलो फीवरची लस. आफ्रिकेत किंवा दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांत जायचे असेल तर ती घ्यावी लागते. आपल्या जिल्ह्यातली बरीच तरुण मंडळी नोकरीसाठी आफ्रिकेत आहेत आणि कधी बायकामुलांना घेऊन जातात, म्हणून उल्लेख करतो. ही लस कोंबडीच्या गर्भात वाढवतात आणि तिच्यात अंड्याचा अंश इतर लसींपेक्षा जास्त राहतो. अंड्याची खरी ॲलर्जी असलेल्याने ती ॲलर्जीतज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. तिकीट काढण्याआधी विचारावे, विमानाच्या आदल्या आठवड्यात नव्हे.

दुसरे जिलेटिन. जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला हा पदार्थ जेलीत, काही मऊ गोळ्या-चॉकलेटांत आणि औषधांच्या कॅप्सूलच्या वेष्टनात असतो. लस टिकावी म्हणून गोवर किंवा कांजिण्यांच्या काही लसींत तो घालतात. जपानमध्ये १९९० च्या दशकात लसीनंतर आलेल्या काही तीव्र रिॲक्शनांचा शोध घेतला तेव्हा मूळ अंड्यात नसून जिलेटिनमध्ये निघाले. आपल्याकडे ही ॲलर्जी विरळाच. तरी जेली खाल्ल्यावर मुलाचे तोंड सुजले असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

तिसरे दूध. काही लसी तयार करताना दुधातल्या प्रथिनांचा वापर होतो आणि त्यांचा सूक्ष्म अंश मागे राहू शकतो. दुधाची साधी ॲलर्जी असलेल्या मुलांना त्याने काही होत नाही. पण २०१४ साली ब्राझीलमध्ये गोवराच्या मोहिमेत एका लसीनंतर दुधाची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना रिॲक्शन आली आणि तिथल्या सरकारने अशा मुलांना ती विशिष्ट लस न देता दुसरी द्यावी असे कळवले. म्हणून ज्या मुलाला थेंबभर दुधानेही धाप लागते किंवा शुद्ध हरपते, त्याच्या बाबतीत लसीआधी बालरोगतज्ज्ञांशी बोलावे. लसीचा कोणता प्रकार द्यायचा ते त्यांना ठरवू द्यावे आणि लस मोठ्या रुग्णालयात घ्यावी. अशी मुले फार थोडी असतात. आणि त्यांनाही गोवर होतोच, म्हणून लस सोडून द्यायची नसते, ठिकाण आणि प्रकार बदलायचा असतो.

या सगळ्याहून महत्त्वाची बाब म्हणजे आधीच्या लसीचा अनुभव. एखाद्या लसीच्या मागच्या डोसानंतर लगेच धाप, अंगभर गांधी, निपचित पडणे असे झाले असेल, तर तीच लस तज्ज्ञांना विचारल्याशिवाय पुन्हा देऊ नये. पण लसीनंतर ताप आला, मांडी सुजली, मूल रात्रभर रडले, याला ॲलर्जी म्हणत नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या 'लसीची ॲलर्जी आहे' या तक्रारींपैकी बहुतेक या दुसऱ्या प्रकारच्या असतात.

शाकाहारी घरांतून एक वेगळाच प्रश्न येतो. "आमच्याकडे अंडं खातच नाहीत. मग मुलाला ॲलर्जी आहे की नाही हे कळायचं कसं?" एका आजोबांनी तर लसीआधी तपासून पाहण्यासाठी शेजाऱ्यांकडून अंडे आणायची तयारी दाखवली होती, तेही सोवळ्यातल्या घरात! तशी काही गरज नाही. लसीआधी अंडे खाऊन पाहण्याची चाचणी कुणीही करू नये. रक्ताची किंवा त्वचेची चाचणीही गोवराच्या लसीसाठी लागत नाही.

लसीकरणाच्या दिवशी मुलाला नेहमीप्रमाणे दूध पाजून न्यावे. साधी सर्दी, किरकोळ खोकला हे लस टाळण्याचे कारण नाही. मात्र त्याच दिवशी दमा उठलेला असेल, छातीत घरघर असेल, तर आधी ते बरे करून घ्यावे. नर्सताईंना ॲलर्जीबद्दल स्पष्ट सांगावे. लपवू नये, आणि त्यांनी परत पाठवले तर तेवढ्यावर गप्पही बसू नये. वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटावे. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच बसायला सांगतात. आपल्याकडे हा अर्धा तास कुणी पाळत नाही. रिक्षा थांबलेली असते, दूध तापवायचे राहिलेले असते. पण तीव्र रिॲक्शन यायचीच असेल तर ती बहुधा याच वेळात येते, आणि तेव्हा मूल रिक्षात असण्यापेक्षा केंद्रात असलेले बरे.

त्या अर्ध्या तासात बघायचे काय? अंगावर पटापट गांधी उठणे, ओठ किंवा जीभ सुजणे, आवाज घोगरा होणे, धाप, वारंवार उलटी, मूल एकाएकी पांढरेफटक आणि ढिले पडणे. याला ॲनाफायलॅक्सिस म्हणतात. याचे पहिले औषध एकच : ॲड्रिनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, ताबडतोब. लसीकरण केंद्रात त्यासाठी वेगळे किट ठेवलेले असते. इथे माझ्याच व्यवसायबंधूंना एक गोष्ट सांगतो, रागावू नये. ॲव्हिल आणि स्टेरॉइडचे इंजेक्शन देऊन वाट बघत बसण्याची आपली सवय चुकीची आहे. ती औषधे नंतरची.

हे किती वेळा घडते? अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अडीच कोटींहून अधिक डोस तपासले. त्यांत ॲनाफायलॅक्सिसच्या ३३ घटना सापडल्या आणि मृत्यू एकही नव्हता.

याच्या दुसऱ्या पारड्यात गोवर आहे. घरात एकाला गोवर झाला तर लस न घेतलेल्या दहांपैकी नऊ जणांना तो होतो. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू तिथल्या हवेत राहू शकतो. हजारात एखाद्या मुलाच्या मेंदूला सूज येते. न्यूमोनिया, हगवण, कान फुटणे, डोळे जाणे हे वेगळेच, आणि गोवर होऊन गेलेले मूल पुढे कित्येक महिने इतर आजारांना सहज बळी पडते. हा रोग संपला असे ज्यांना वाटते त्यांनी २०२२ चा हिवाळा आठवावा. मुंबईत गोवंडी भागात सुरू झालेली साथ भिवंडी, मालेगावपर्यंत दिसली. मुले दगावली. त्यांत लस न घेतलेल्यांचा भरणा मोठा होता.

बाजाराच्या दिवशी आलेल्या त्या सुनेला मी हे सगळे इतक्या विस्ताराने सांगितले नाही. बाहेर माणसे खोळंबली होती. पण यावेळी प्रश्न मात्र सगळे विचारले. अंडे किती खाल्ले, किती वेळाने त्रास झाला, काय काय झाले, दूध चालते का, आधीच्या सुयांनंतर काही झाले का. त्या मुलाची अंड्याची ॲलर्जी खरी होती, यात मला शंका वाटली नाही. दुधाचा त्रास नव्हता, दमा नव्हता. मी ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे चिठ्ठी लिहिली. तीत 'तूर्त' हा शब्द घातला नाही. लिहिले : अंड्याची ॲलर्जी आहे, गोवर-रुबेला लस पूर्ण मात्रेत द्यावी, अर्धा तास देखरेखीखाली ठेवावे.

गुरुवारी लस झाली, 'अ' जीवनसत्त्वाचा डोसही झाला. आवारातल्या झाडाखाली सासू-सून अर्ध्या तासाऐवजी तासभर बसून राहिल्या, असे मला नंतर कळले. शनिवारी सासूबाई स्वतःच्या गुडघ्यांसाठी आल्या, तेव्हा पोराचे कार्ड मुद्दाम बरोबर आणले होते. रकाना भरलेला होता.

"आता अंडं द्यायला हरकत नाही ना, डॉक्टर?" त्यांनी विचारले.

मी घाईने नको म्हटले. लस सुखरूप झाली म्हणून अंड्याची ॲलर्जी गेली असे होत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंडे, आणि अंडे घातलेला केक-बिस्किटे, सध्या बंद. वर्षभराने बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यायचे. घरी प्रयोग करायचा नाही. आणि सोळा महिने पूर्ण झाले की गोवराचा दुसरा डोस, त्याच रुग्णालयात, तसाच अर्धा तास बसून. त्यांनी कार्डावरची तारीख सुनेला फोनवर वाचून दाखवली आणि मग गुडघे दाखवायला पाय पुढे केले.